नोंदीतलं चाळीस मिनिटांचं भोक

आमच्या घरमालकांना उकडत नसे. त्यांना बेचाळीस पॉइंट सहा होत असे.

मे महिन्यात जुळे सोलापुरातल्या त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत मी ओला पंचा डोक्यावर टाकून पडलेलो असायचो आणि हे खालून हाक मारायचे, "सर, वर किती हाय?" मी म्हणायचो, "लई उकडतंय काका."  मग, "उकडतंय हे काय उत्तर झालं? आकडा सांगा की." आकडा सांगायला मला उठावं लागलं असतं. शेवटी तेच धापा टाकत जिना चढून यायचे, माझ्या भिंतीवर त्यांनीच टांगलेल्या थर्मामीटरला डोळे भिडवायचे, आकडा वहीत लिहायचे आणि तृप्त होऊन खाली जायचे. पंख्याचं रेग्युलेटर दुरुस्त करून द्या, हे सांगायचं माझं दर वेळी राहून जायचं.

मला 'सर' म्हणणारे सोलापुरात ते एकटेच. मी बार्शीचा. इथल्या एका खाजगी कॉलेजात कॉम्प्युटर लॅबमध्ये असिस्टंट होतो आणि प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढून काढणं हे माझं मुख्य संशोधन होतं. पण काकांच्या लेखी कॉम्प्युटरला बिनधास्त हात लावतो तो सर. खोली देताना त्यांनी मला जात विचारली नाही, लग्नाचं विचारलं नाही, मांस-मच्छीचं विचारलं नाही. वहीत बघत एवढंच विचारलं, "रोज सकाळी सहाला उठून एक रीडिंग घ्यायला जमंल का?" मी जमेल म्हणालो. एक दिवसही उठलो नाही.

काका सूतगिरणीतून निवृत्त झालेले. तीस वर्षं गिरणीत काढून त्यांनी वीतभर सूत काढलं नव्हतं. त्यांचं खातं हवेचं. सूत कातायच्या ठिकाणी हवा कोरडी पडली की धागा तटातट तुटतो, म्हणून हवेत ओल राखावी लागते. ती किती आहे हे बघायला भिंतीवर दोन थर्मामीटर असतात, एक कोरडा आणि एक ओल्या फडक्यात गुंडाळलेला. काकांनी दर तासाला सगळ्या खात्यांतून फिरायचं, दोन्हींचे आकडे घ्यायचे आणि रजिस्टरात लिहायचे. पुढे गिरणी बंद पडली, पण काका बंद पडले नाहीत. घरात, गच्चीवर, न्हाणीत, सगळीकडे त्यांचे जोडथर्मामीटर लटकत होते. एकदा कुणाच्या लग्नात त्यांनी मांडवाच्या खांबाला थर्मामीटर टांगला आणि ऐन अक्षतांच्या वेळी नवरदेवाला जरा बाजूला सरकायला सांगितलं. त्याच्या अंगाची धग आकड्याला लागत होती म्हणे. गल्लीत त्यांचं नाव 'हवामान खातं' पडलं ते तेव्हापासून.

जगातल्या सगळ्या गोष्टींचं कारण हवेतली ओल, यावर त्यांची श्रद्धा होती. दही लागलं नाही, दमट हवा. शेजारी तिरकं बोलला, कोरडी हवा. नवरा-बायकोची भांडणं ओल चाळीस टक्क्यांच्या खाली गेली की होतात, असा त्यांचा सिद्धांत होता. ती नवऱ्यामुळे होतात, असा काकूंचा होता.

या श्रद्धेपायी घरात कूलरला बंदी होती. सोलापूरच्या उन्हाळ्यात बिनकूलरचं घर म्हणजे आपणहून पत्करलेली शिक्षा. जावयाने हौसेने एक कूलर आणून दिला होता. काकांनी त्याकडे असं पाहिलं, की जावई तो चालू करून न दाखवताच परत गेला. "कूलर म्हंजे हवेत लबाडी," काका म्हणायचे. "खरं रीडिंग मरतं त्यात." तो कूलर मग जिन्याखाली ढकलला गेला आणि तिथेच राहिला. काका त्याच्याकडे बघतसुद्धा नसत.

त्यांची दुसरी चीड म्हणजे मोटार. चारचाकी नव्हे, पाण्याची. आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांनी यायचं, तेही पाऊण तास, कधी सकाळी तर कधी भर दुपारी. पाण्याचा दिवस असला की गल्लीत कुणी गावाला जात नसे. त्यातून लोकांनी नळाच्या लाइनलाच थेट मोटारी जोडलेल्या. पुढचे ओढून घेतात आणि मागच्यांच्या नळाला नुसती हवा येते. हे कायद्याने चूक आहे हे सगळ्यांना माहीत होतं, आणि मोटार आपल्याकडे नाही हेही प्रत्येकजण शपथेवर सांगायचा.

काकांचं घर गल्लीत पहिलं. पाणी सुटलं की समोरच्या कानडी घरातली आजी ओरडायची, "नीर बंदाव री!" त्याबरोबर काका वही काखोटीला मारून बाहेर पडायचे. प्रत्येक फाटकाशी थांबायचं, कान लावायचा, आत घरघर ऐकू येते का बघायचं. त्यांची चाहूल लागली की त्या घरातली मोटार बंद व्हायची आणि ते पुढे सरकले की सुरू. नऊ वर्षांत त्यांना एकही मोटार सापडली नव्हती. पण फेरी चुकली नाही. आणि परत आले की छाती काढून म्हणायचे, "बघा, माझ्याकडं मोटार न्हाय. तरी वरची टाकी भरती की न्हाय काठोकाठ? शिस्त पायजे. दाब असतो लाइनीला, लोकांना धीर न्हाय." गल्लीतली माणसं मान डोलवायची आणि ते वळले की "आपलं ठेवायचं झाकून, दुसऱ्याचं पाहायचं वाकून" म्हणून हसायची. मला तो निव्वळ कुजकटपणा वाटायचा. मला काय ठाऊक!

गल्लीच्या शेवटच्या घरात एक अक्का राहायच्या. एकट्या. कडक भाकरी करून दुकानांना पुरवायच्या. कडक भाकरी म्हणजे ज्वारीची पातळ भाकरी भाजून कडकडीत वाळवलेली, महिनाभर टिकते. पण ती वाळायला हवा कोरडी लागते. काका रोज सकाळी त्यांच्या दारात जाऊन सांगायचे, "आज पस्तीस टक्के. दुपारपर्यंत वाळतील." किंवा, "आज नका घालू, ओल हाय." अक्का तसं करायच्या. काकांचा आकडा ज्याच्या कामाला येतो असं सबंध सोलापुरात ते एकच माणूस होतं.

आणि त्याच माणसाच्या नळाला पाणी येत नव्हतं. भाकरीचं पीठ मळायला पाणी लागतं. पाण्याच्या दिवशी अक्कांच्या नळातून फुसफुस हवा यायची, मग बोटाएवढी धार, मग तीही बंद. त्या पन्नाशीच्या पुढच्या बाई दुसऱ्या गल्लीतून कळशीने पाणी वाहायच्या. गेल्या उन्हाळ्यात दोन दुकानांना माल वेळेवर गेला नाही आणि ती दोन्ही सुटली. तिसरं सुटलं असतं तर त्यांना खोली सोडून गावी भावाच्या दारात जाऊन बसावं लागलं असतं, असं त्या स्वतःच म्हणाल्या होत्या.

एकदा मी भाकरी घ्यायला गेलो असताना काकांची थट्टा केली. अक्का पाटावरून उठल्या. "सर, हसू नका त्यांला. मी त्याच गिरणीत होते, धागे जोडायला. एक दिवस लई धागे तुटाय लागले. साहेब म्हटला, बायका काम करीत न्हाईत, घालवा ह्यांना. आमी चौदा जणी. हवेची मशीन बंद पडली होती, पर साहेबानं तुमच्या काकांला सांगितलं, रजिस्टरात रोजचाच आकडा लिव्हा. ह्यांनी खरा लिव्हला. लिव्हून साहेबाच्या टेबलावर ठिवला. आमच्या नोकऱ्या वाचल्या आन् ह्यांला गोदामात टाकलं वरीसभर." मी भाकऱ्या घेऊन घरी आलो. त्यानंतर मी त्यांची थट्टा केली नाही असं नाही, पण अक्कांच्या समोर केली नाही.

तर अक्कांसाठी काकांनी चंग बांधला. महापालिकेत चार अर्ज झाले. उत्तर एकच, "पुरावा काय?" पुरावा म्हटल्यावर काकांच्या अंगात आलं. मोटारी सापडत नाहीत ना? मग आकड्यांनी सिद्ध करायचं. आपल्या टाकीत दर मिनिटाला पाणी किती चढतं याची नोंद ठेवायची. मोटारीशिवायही टाकी भरते हे एकदा दाखवलं की लोकांना मोटारींची गरज नाही हे सिद्ध, आणि मग इंजिनियरला कारवाई करायला काही अडचण नाही. पुण्याच्या पुतण्याकडून त्यांनी पत्त्यांच्या कॅटाएवढा एक कॉम्प्युटर मिळवला. त्याला ते 'सर्व्हर' म्हणायचे आणि म्हणताना आवाज खाली आणायचे. टाकीच्या झाकणाला आतून एक सेन्सर, गच्चीवर हवेचे दोन, आणि सगळे दर मिनिटाला सर्व्हरकडे आकडे पाठवणार. सर्व्हर जिन्याखाली, कारण तिथेच जाड पिनेचा एक पॉइंट रिकामा होता. घरमालकांनी मला चहाला बोलावलं आणि म्हणाले, "सर, आता तुमचं काम."

आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. पहिल्याच आठवड्यात सर्व्हर एकही आकडा घेईना. दोन दिवस डोकं फोडल्यावर माझ्या लक्षात आलं, की पाल पडू नये म्हणून काकांनी तो काकूंच्या चपात्यांच्या स्टीलच्या डब्यात घालून वर झाकण घट्ट लावलं होतं. त्या डब्यात वायफाय कुठून शिरणार? तो लोणच्याच्या प्लास्टिकच्या बरणीत हलवला. आकडे यायला लागले. मग गच्चीवरचा सेन्सर दुपारी एकदम नव्वद टक्के ओल दाखवायला लागला. वर जाऊन पाहतो तर पाल त्याच्यावरच आडवी. काकांनी वहीत शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'पाल'.

एवढं सगळं झाल्यावर खरा रोग पुढे आला. नोंद अखंड चालायची, रात्रंदिवस, आणि नेमकी पाण्याच्या दिवशी तुटायची. पाणी यायच्या वेळी टाकीत बारा सेंटिमीटर, मग चाळीस मिनिटं काहीच नाही, आणि मग एकदम नव्वद. भरण्याची नोंदच नाही. दुधाचं पातेलं आपण बघत असेपर्यंत उतू जात नाही, मान वळवली की जातं, तशी ती टाकी भरत होती.

मी चार्जर बदलला. वायर बदलली. आतलं मेमरी कार्ड बदललं. पिन सैल असेल म्हणून पॉइंटला कागदाची घडी कोंबली, प्रोग्रॅम पुन्हा लिहिला. पुढच्या पाण्याच्या दिवशी पुन्हा भोक. वीज गेली असेल म्हणावं तर समोरच्या आजींचा टीव्ही चालू होता. काकांचं निदान ठरलेलंच होतं. टाकीत पाणी पडताना दमट हवा उठते, ती वायरीतून खाली सर्व्हरपर्यंत उतरते. मी म्हटलं, वायर टाकीपासून खाली येतच नाही, सगळं बिनतारी आहे. ते म्हणाले, "ओलीला वायर कशाला लागतीय सर?" काकू भिंतीला टेकून गवारीच्या शेंगा मोडत हे सगळं ऐकायच्या. एकदा म्हणाल्या, "जाऊ दे की, चाळीस मिनिटांनी काय बिघडतंय?" काकांनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशा नजरेने मी प्रिंटर बिघडवणाऱ्या मुलांकडे पाहतो.

तेवढ्यात बातमी आली, की अर्जाची दखल घेऊन पाणी खात्याचा इंजिनियर पंधरवड्याने गल्लीत येणार. त्या आधी दोनच पाण्याचे दिवस होते, फार तर तीन. काकांची झोप उडाली.

पहिल्या दिवशी मी कॉलेजला रजा टाकली. दुपारी आजींची हाक आली, काका वही घेऊन बाहेर पडले. मी वरच्या खोलीत फोनवर आकडे बघत बसलो. बारा, बारा, बारा, आणि बंद. मी चपला न घालता जिना उतरलो.

जिन्याखाली काकू बसल्या होत्या. सर्व्हरची पिन उपटून बाजूला ठेवलेली आणि त्या पॉइंटमध्ये कूलरची जाड पिन. कूलर घरघरत होता. पण हवा कुठे येत नव्हती, कारण आत पंखाच नव्हता. आत मोटार होती. मागच्या जाळीतून पाइप निघून भिंतीतल्या लाइनला गेला होता. मी सोलापुरातल्या सगळ्या वायरी तपासल्या होत्या, फक्त पिन कोण काढतं हे तपासलं नव्हतं.

"काय बघलालाव?" काकू म्हणाल्या. आवाजात जराही लाज नव्हती. "नऊ वर्षं हाय हे. जावयानं दिलेलं यंत्र एकदाचं कामाला आलं."

"काकू, पण काका तर म्हणतात…"

"त्यांच्या म्हणण्यावर पाणी चढत न्हाय सर. आधी मी खालच्या नळावरनं वरपर्यंत घागरी नेत होते. गुडघे गेले माझे. ह्यांला सांगितलं तर म्हणायचे, दाब असतो, धीर धर. धरला. मग मोटार आणली." त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "आणि तुमची आंघोळ कशावर चालती? शॉवर लागतो न्हवं तुमाला?"

हे खरं होतं. मी शॉवर लावून घेतला होता.

"अक्कांना पाणी मिळत नाही काकू," मी हळूच म्हणालो. त्यांनी पाइप हाताने सरळ केला. मग म्हणाल्या, "एक माझी बंद केली तर दोन नंबरवाला ओढंल. अक्काला काय मिळणार त्यात? त्यांला सांगू नका. मरतील."

मी सांगितलं नाही. उलट त्याहून वाईट केलं. काकूंची मोटार वाचावी, काकांचा मान राहावा आणि माझा शॉवरही चालावा, म्हणून मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. नोंदीत भोक पडलं की तो आधीचा आणि नंतरचा आकडा बघायचा आणि मधले आकडे आपल्या मनाने भरून टाकायचा. पुढच्या पाण्याच्या दिवशी काका फेरीवरून आले आणि त्यांनी पाहिलं, तर बारापासून नव्वदपर्यंत अखंड नोंद. त्यांनी माझा हात धरून दोन-तीनदा हलवला. काकूंना म्हणाले, "सरांसाठी शिरा कर." मी तो शिरा खाल्ला. 

दुसऱ्या दिवशी सकाळी ते कागद घेऊन वर आले. सहा वाजले असतील. खाटेच्या कडेला बसले आणि म्हणाले, "सर, हे कुणी लिव्हलंय?"

मी म्हटलं, "सर्व्हरने."

"न्हाय. पाणी असं चढत न्हाय. मधी कुणी नळ सोडतंय, मधी हवा येतीय, धार बारीक होती. हितं दर मिनिटाला सारखंच चढलंय, शाळेतल्या कवायतीवानी. आन् गच्चीवरची हवा चाळीस मिनिटं एका आकड्यावर हुबी हाय. तीस वर्षं बघितल्यात अशा नोंदी. थर्मामीटरपर्यंत न जाता खुर्चीत बसून लिव्हणारे लोक होते आमच्याकडं."

मी कबूल केलं. पण आकडे का भरले ते सांगितलं नाही. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते बराच वेळ त्या कागदाच्या घड्या घालत राहिले आणि मग त्यांनी एकच प्रश्न विचारला. "भोक यंत्राचं हाय का माणसाचं?"

"माणसाचं," मी म्हणालो.

त्यांनी पुढे काही विचारलं नाही. जिना उतरताना त्यांचा हात कठड्यावर होता. इतकी वर्षं त्यांना कठडा लागलेला मी पाहिला नव्हता.

तिसऱ्या पाण्याच्या दिवशी आजींची हाक आली आणि काका फेरीला गेले नाहीत. त्यांनी खुर्ची आणली, जिन्याखाली सर्व्हरसमोर ठेवली आणि बसले. पाठीमागे कूलर. काकू दारात भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या. मी तिसऱ्या पायरीवर. गल्लीत एकेका घरातून घरघर सुरू झाली, आज कुणाच्याही फाटकाशी कुणी नव्हतं. आमच्याकडे फक्त शेंगा फुटण्याचा आवाज. फोनवर आकडा बारा. पाच मिनिटांनी बारा. पंधरा मिनिटांनीही बारा. खालच्या नळाला करंगळीएवढी धार होती, वर थेंब चढत नव्हता.

वीस मिनिटं झाल्यावर काका उठले. वळले. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्यांनी कूलरकडे पाहिलं. मागची जाळी काढली, आत पाहिलं, पाइप कुठे जातो ते बोटाने चाचपत भिंतीपर्यंत पाहिलं, जाळी परत बसवली आणि खुर्चीत येऊन बसले.

"वर पाणी चढत न्हाय," काकू शेंगांकडे बघत म्हणाल्या. "कधीच चढलं न्हाय. मी चढवत होते."

 बऱ्याच वेळाने काकूंनी विचारलं, "चहा टाकू?"

"टाक."

पाणी गेलं. नोंद पूर्ण झाली होती, एकही भोक नाही, सुरुवातीपासून शेवटपर्यंत बारा. काकांनी ती वहीत उतरवून घेतली आणि खाली सही केली. त्या दिवशी मी बादलीने आंघोळ केली आणि कुठे तक्रार केली नाही.

इंजिनियर आला. तरणाताठा पोरगा, काखेत हेल्मेट, चेहऱ्यावर अजून तीन गल्ल्या बाकी असल्याचा ताण. सगळी गल्ली गोळा झाली, हवामान खात्याची मजा बघायला. अक्का मागे, कुंपणाला धरून उभ्या. मला वाटत होतं काका आजारी पडतील, गावाला जातील, काहीतरी करतील. ते इस्त्रीचा सदरा घालून आले. वही उघडली आणि गिरणीत रीडिंग वाचावं तशा आवाजात वाचलं, "घर नंबर एक. माझं. मोटार एक. थेट लाइनला. जिन्याखाली, कूलरमधी. नऊ वर्षं."

मागून कुणीतरी म्हणालं, "काका, आमाला ठाऊक हाय की!" आणि सगळी गल्ली हसली. फिदीफिदी, पोट धरधरून. काका वही धरून उभे होते. त्यांना तेव्हा कळलं, की फक्त त्यांनाच माहीत नव्हतं. मला त्या माणसाची इतकी माया आली, की हसणाऱ्यांपैकी दोघांना तरी हाणावं असं वाटलं. हाणलं नाही. मीही त्यांतलाच होतो.

इंजिनियरने विचारलं, "बाकीच्यांच्या मोटारी?"

"बाकीच्यांची नोंद माझ्याकडं न्हाय," काका म्हणाले. "मला सापडल्या न्हाईत."

तेव्हा काकू पदराला हात पुसत पुढे आल्या. "हसलालाव काय? हसायचं तर सगळे मिळून हसू की." मग नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "लिहा."

काकांनी पेन काढलं.

"दोन नंबर. न्हाणीत, बंबाच्या मागं. अर्ध्या एचपीची होती, दिवाळीला एकाची केली. तीन नंबर, तुळशीच्या कट्ट्यात, वरची फरशी निघती. चार नंबर, देवघराच्या खाली. अगरबत्ती लावून चालू करतात, पाया पडून बंद. पाच नंबर, दोन हायत, एक दाखवायची बिघडलेली. लिहिलाव का? सहा नंबर…"

गल्लीचं हसू कुठे विरलं कळलं नाही. काकू एकेक घर घेत गेल्या, कुणाची मोटार कुठे, किती ताकदीची, कधी आणली, काका जवळ आले की कोण बटण बंद करायचं. अकरा घरं. कागद नाही, सेन्सर नाही, सर्व्हर नाही. नऊ वर्षं प्रत्येक पाण्याच्या दिवशी कूलरजवळ बसून त्यांनी आवाजावरून सगळी गल्ली ओळखून ठेवली होती. काका मान खाली घालून लिहीत होते, एकदा फक्त म्हणाले, "जरा हळू सांग." शेवटी त्यांनी वही इंजिनियरकडे दिली. त्याने हेल्मेट खाली ठेवलं आणि पहिल्यांदाच नीट वाचायला सुरुवात केली.

लाइनवरच्या मोटारी निघाल्या. खात्याच्या धाकाने निम्म्या आणि यादी चव्हाट्यावर आल्यामुळे बाकीच्या, कारण आता प्रत्येकजण दुसऱ्याच्या घरघरीवर कान लावून होता. आमच्या अंगणात काकांनी जमिनीवर एक मोठं पिंप बसवलं. नळाचं येईल ते पाणी त्यात साठवायचं आणि मोटार लावून तिथून वर चढवायचं. असं करायला कायद्याची हरकत नव्हती आणि ते नऊ वर्षांपूर्वीही करता आलं असतं. "तेव्हा गरज न्हवती," काकू म्हणाल्या, "तेव्हा दाब होता." काकांनी ऐकून घेतलं.

त्यानंतरचा पाण्याचा दिवस सकाळचा होता. समोरच्या आजी ओरडल्या. पिंपात धार पडायला लागली, जाड नाही, पण धार. काका जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले होते. गल्लीत घरघर नव्हती. दहा मिनिटं गेली असतील. मग गल्लीच्या पार त्या टोकाकडून, जिकडून अशी हाक आम्ही कुणी कधी ऐकली नव्हती, अक्कांचा आवाज आला, "आलं वो! पाणी आलं! लई जोरात हाय!" आणि मग बादली, पातेलं, कळशी, जे हाताला लागेल ते नळाखाली ओढल्याचा खणखणाट.

काकू म्हणाल्या, "जावा की. लिहून घ्या."

काकांनी हात वर केला. "थांब," ते म्हणाले. "ऐकू दे."